ताडपत्रीखालची लाल मोटार

दिवाळी अंकात माणसाने काहीतरी गोडधोड लिहावे, अशी आमच्या घरची समजूत आहे. पण या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की, माझ्या हातून गोड लिखाणापेक्षा कबुलीजबाबच अधिक लिहून होतात. यंदाही तसेच आहे. वयाच्या ६२ व्या वर्षी मी एका मोटारीच्या प्रेमात पडलो. ती लाल होती, दोनच आसनांची होती, तिचे छप्पर मागे दुमडून ठेवता येत असे. आणि विम्याच्या हिशेबाने ती तीन वर्षांपूर्वीच मेलेली होती.

हा योग आला चौसाळ्याला. दरवर्षी नवरात्रात आम्ही उभयता छत्रपती संभाजीनगरहून तुळजापूरला जातो. बीड गेले, मांजरसुंबा मागे पडले की बालाघाटाच्या माळावरून रस्ता सरळ चौसाळ्यावर उतरतो. धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव. येथे ज्याला त्याला पुढे कोठे तरी जायचे असते; थांबतो तो चहासाठी, नाहीतर पंक्चरसाठी. आम्ही पंक्चरसाठी थांबलो.

टायर निघेपर्यंत आमची मंडळी चहाच्या टपरीवर बसली आणि मी शेजारच्या गॅरेजात डोकावलो. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी बुटके, लांबट असे झाकलेले होते. मिस्त्रीने माझी नजर पाहिली आणि एखाद्या शालूची घडी उलगडावी तशी ताडपत्री ओढली.

"जर्मन गाडी हाय, साहेब. टोटल लॉसची. सगळी नवी करून ठेवली. साडेसहा लाख."

तशीच, पण न ठोकलेली गाडी घ्यायची तर याच्या दुपटीहून अधिक पैसे पडतात, हे मला ठाऊक होते. कारण, आणि येथेच माझी पंचाईत आहे, मी आयुष्याची ३१ वर्षे एका विमा कंपनीच्या मोटार विभागात कारकुनी करण्यात घालवली. मोडक्या गाड्यांचे कागद मी इतके हाताळले की, आमच्या घरी कपाला टवका उडाला तरी मुले म्हणत, "बाबा, सर्व्हेअर बोलवा!"

तेव्हा टोटल लॉस म्हणजे काय, ते वाचकांना चार ओळींत सांगतो. गाडी जुनी होते तशी विम्यात धरलेली तिची किंमत उतरत जाते. दुसऱ्या वर्षी नव्या किमतीतून २० टक्के वजा होतात. पाचव्या वर्षी निम्मीच किंमत उरते. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च या उतरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'गेली' असे धरतात. म्हणजे ४० लाखांची गाडी पाचव्या वर्षी २० लाखांची, आणि १५ लाखांवर दुरुस्ती गेली की तिचा शेवट. परदेशी गाडीचे दिवे, दारे आणि यंत्रातले चार सुटे भाग मागवले की एवढी रक्कम सहज होते. थोडक्यात, टोटल लॉस हा मिस्त्रीचा निकाल नव्हे, तो कारकुनाचा हिशेब आहे. हिशेबात मेलेली गाडी प्रत्यक्षात धडधाकट असू शकते.

हे सारे मी त्या लाल मोटारीकडे पाहत स्वतःला समजावले. ज्याला एखादी गोष्ट हवीच असते त्याच्या ज्ञानाचा उपयोग असा होतो! दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या होत्या. काचांवर कोरलेले साल सगळीकडे एकच होते. सीटचा पट्टा मी शेवटपर्यंत ओढून पाहिला. पुरात बुडालेल्या गाडीचे सारे अंग धुता येते, पण पट्ट्याच्या आतल्या गुंडाळीवर गाळाची रेघ राहतेच. ही युक्ती मी २००५ साली शिकलो. त्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढे कित्येक महिने मुंबईच्या बुडालेल्या गाड्यांच्या फायलींनी आमची टेबले बुडाली. या गाडीच्या पट्ट्यावर रेघ नव्हती. मी खिशातून ५,००१ रुपये काढले आणि मिस्त्रीच्या हातावर इसार म्हणून ठेवले. मंडळी टपरीवर दुसरा चहा घेत होती.

तुळजापूरला देवीसमोर हात जोडले आणि माझे धैर्य गळाले. भवानीसमोर उभे राहून बायकोपासून साडेसहा लाख लपवणे जमेना. पायऱ्या चढून वर येता येता मी सारे सांगून टाकले. वाटले, आता ही दोनच आसनांवरून बोलेल; नातवंडे कोठे बसवणार, म्हणून विचारील; माझ्या कंबरेचा विषय काढील. मुदत ठेव मोडावी लागेल, हे तर निघणारच होते. पण तिने यातले काहीच विचारले नाही. ती म्हणाली,

"अहो, पण ती मोडली कशी? आणि तेव्हा आत कोण होतं?"

वाचकहो, ३१ वर्षे अपघाताच्या फायली चाळलेल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच नव्हता! फटी पाहिल्या, काचा पाहिल्या. माणूस पाहिला नाही.

परतताना पुन्हा चौसाळ्याला थांबलो. मिस्त्रीने गाडीच्या खणातून जुन्या पॉलिसीची झेरॉक्स काढून दिली. तिच्यावर मूळ मालकाचा फोन नंबर होता. गृहस्थ पुण्याचे, माझ्याच वयाचे निघाले. गाडीचे नाव काढताच पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"मुलगा चालवत होता," ते म्हणाले. "पुढून आदळली. एअरबॅग उघडली म्हणून वाचला. पण ती गाडी तर भंगारात गेली ना?"

मी फोन ठेवला आणि मिस्त्रीला किल्ली फिरवायला सांगितले. किल्ली फिरवली की एअरबॅगचा लहानसा दिवा क्षणभर लागून विझावा लागतो. हा लागलाच नाही. दिवा लागून तसाच राहिला तर बिघाड आहे, हे सर्वांना कळते. पण मुळीच न लागला तर समजावे की कोणीतरी त्याचे तोंड बंद केले आहे. एकदा उडालेली एअरबॅग घडी घालून परत ठेवता येत नाही. ती, तिचा सेन्सर, अपघाताच्या क्षणी ताणून धरणारे पट्टे, सारे नवे घालावे लागते आणि त्याचा खर्च या गाडीच्या मागितलेल्या किमतीला लाजवील. मी मिस्त्रीकडे पाहिले. तो माणूस खोटा नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "साहेब, गाडी आली तवाच बॅग नव्हती. तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं."

खरे आहे. मी विचारलेच नव्हते. ज्या पिशवीने एका बापाचा मुलगा वाचवला, तिच्याच जागी आता नुसते झाकण होते. आणि त्या झाकणासमोर मी छप्पर उघडे टाकून बसणार होतो.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, इकडे अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच सॅल्व्हेज असा शब्द छापून येतो. दुरुस्त होऊन तपासणी झाली तरी कागदावर 'पुन्हा उभारलेली' अशी खूण राहते." आपल्याकडे नोंदणीच्या पुस्तकावर असा शिक्का नसतो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते. पण टोटल लॉसची गाडी निकामीच असते असे नाही. म्हणून पुष्कळशा गाड्या विम्याच्या वहीत मरतात आणि आर. टी. ओ.च्या वहीत मात्र जिवंत राहतात. मधल्या काळात कोणी त्या दुरुस्त करतो, तर कोणी त्यांचा नंबर चोरीच्या गाडीवर चढवतो.

ही लाल मोटार अजून त्या पुण्याच्या गृहस्थांच्याच नावावर होती. मी पुन्हा फोन केला आणि विचारले, "तुम्ही नाव का बदलून दिले नाही?"

"दिलं की!" ते म्हणाले. "विम्याच्या ऑफिसातल्या माणसानं २९ नंबरचा आणि ३० नंबरचा फॉर्म पुढे ठेवला. म्हणाला, इथं सही करा, इथं सही करा, बाकीचं आम्ही भरतो. मुलगा दवाखान्यात होता हो. मी सह्या केल्या."

येथे, वाचकहो, मला गॅरेजातल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसावे लागले. तो माणूस मी नव्हतो. ती कंपनीही माझी नव्हती. पण ते वाक्य माझे होते. कोऱ्या फॉर्मवर बोट ठेवून "इथे सही करा" असे मी किती जणांना सांगितले असेल, त्याची गणती नाही. माणसे दवाखान्यातून येत, स्मशानातून येत, आणि मी त्यांना वाटेत अडवू नये म्हणून भराभर सह्या घेई. मला ती दयाच वाटे.

ती दया कोठे जाते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट आहे. एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली; नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतल्या मालकावरच ठेवली. २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दिल्याचे आर. टी. ओ.ला कळवले तर तो विक्रेताच मालक धरला जातो, अशी सोय झाली आहे. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात हातोहात फिरणाऱ्या गाडीला तिचा काय उपयोग? उद्या मी ती लाल मोटार मांजरसुंब्याच्या घाटात कोणाच्या अंगावर घातली असती, तर नोटीस पुण्याला गेली असती. आणि ज्याने आपल्या मुलाला त्या गाडीतून बाहेर काढले होते, त्यालाच ती पुन्हा भेटली असती.

मी गाडी घेतली नाही. इसाराचे पैसे मागण्याचा मला हक्क नव्हता, पण मिस्त्रीने ४,००० परत दिले आणि १,००१ ठेवले. "पंक्चरचे त्यातच धरले," असे तो म्हणाला. गाडीच्या नंबराचे आणि चासी नंबराचे फोटो काढून मी पुण्याला पाठवले, आणि त्या गृहस्थांनी आर. टी. ओ.ला द्यावयाच्या अर्जाचा मसुदाही घरी येऊन लिहून दिला. अर्ज लिहिण्यात आम्ही कारकून कोणाला हार जाणार नाही.

ज्यांना अशी गाडी घ्यावयाची आहे, त्यांना मी "घेऊ नका" असे म्हणणार नाही. मोडून दुरुस्त झालेले सारेच वाईट असते तर आम्हा साठीपुढच्या माणसांचे काय झाले असते? पण सर्व्हेअरचा अहवाल मागा. नाव स्वतःच्या समोर बदलून घ्या. किल्ली फिरवून तो दिवा पाहा. आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याशी एकदा बोला. यातले एकही विक्रेत्याला नको असेल तर उत्तर मिळालेच.

दसरा झाल्यावर एका लग्नाच्या निमित्ताने पुन्हा त्या रस्त्याने गेलो. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे ट्रक एकामागून एक चालले होते; वर भांडी, बाजा, कोंबड्या आणि पोरे. चौसाळ्याला गॅरेजातली ताडपत्री तशीच होती. मी थांबलो नाही.

घरी आल्यावर मी माळ्यावरून माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या आहेत. त्यांत सह्या दिलेल्या बऱ्याच जणांचे पत्ते आहेत. आमची मंडळी चकल्या तळते आहे आणि मी एकेक पोस्टकार्ड लिहितो आहे : 'आपली गाडी कोणाच्या नावावर आहे, ते एकदा पाहावे.' आतापर्यंत १७ झाली.