ईव्हीएसचा पेपर आणि देवनारचा डोंगर

बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे फोन सुरू होतात. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. डी.एड. की बी.एस्सी., आयटीआय की पॉलिटेक्निक. आता एक नवा प्रश्न येऊ लागला आहे : "सस्टेनेबिलिटीचा कोर्स केला तर नोकरी लागते का?" कुणी मोबाईलवर जाहिरात पाहिलेली असते, कुणाला एखाद्या खासगी विद्यापीठाच्या कौन्सेलरने तीन वेळा फोन केलेला असतो. फी किती, असे विचारले की पालक जरा थांबतात, मग हळूच लाखांतला आकडा सांगतात. मग आम्हीही थांबतो.

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. पर्यावरणाचा कोर्स हा काही फक्त लाखो रुपये भरून मिळणारा माल नाही. आपल्या देशात पदवी घेणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी हा विषय शिकून, निदान त्याचा पेपर देऊन, बाहेर पडते. मुले त्याला 'ईव्हीएस' म्हणतात आणि अभ्यास आदल्या रात्री करतात.

हा विषय आला कसा, हे फार कमी जणांना माहीत असते. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला की शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याच्या दिशेने पावले टाका. बारा वर्षे फारसे काही हलले नाही. २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कान पिळले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सगळ्या शाखांना लागू झाला. कला असो, वाणिज्य असो, विज्ञान असो, सगळ्यांना एकच. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या एराक भरुचा यांनी, जे पेशाने सर्जन! बार्सिलोना विद्यापीठात २०२२ साली विद्यार्थ्यांनी आठवडाभर ठिय्या दिला, तेव्हा हवामान संकटावरचा विषय सर्वांना सक्तीचा करायला विद्यापीठ कबूल झाले. तिथे मुलांनी तो मागून घेतला. आपल्याकडे तो कोर्टाने दिला, आणि न मागता मिळालेल्या वस्तूसारखाच तो वापरला गेला.

खरे तर अभ्यासक्रम वाईट नव्हता. आठ घटक, पन्नास तास. त्यातला आठवा घटक पूर्ण फील्डवर्कचा. शंभरपैकी २५ गुण त्याला. आणि त्या आठव्या घटकात काय करायचे, तर नदी-डोंगर-माळरान पाहून नोंदी करायच्या, आसपासचे पक्षी-किडे-झाडे ओळखायची, आणि 'स्थानिक प्रदूषित ठिकाणाला भेट' द्यायची.

या शेवटच्या ओळीवर आम्ही अडकलो. कारण मागच्या वर्षी गोवंडीच्या शिवाजीनगरात राहणाऱ्या एका मुलाचे ईव्हीएसचे जर्नल आमच्या हाती आले होते. विषय होता 'संजय गांधी राष्ट्रीय उद्यान'. रंगीत प्रिंट, बिबट्याचा फोटो, शेवटी 'निष्कर्ष'. सीनियरकडून घेतलेले, नाव बदललेले. २५ पैकी २१ मार्क. उद्यानात गेला होतास का, विचारले तर म्हणाला, "नाही सर, लांब पडतं." घर कुठे? तर देवनार डम्पिंगच्या भिंतीपासून दोन गल्ल्या. मग यावर का नाही लिहिलेस? तो हसला. "यावर कोण लिहितं सर? पत्ता सांगतानासुद्धा आम्ही चेंबूर सांगतो."

अभ्यासक्रम सांगतो प्रदूषित जागेला भेट द्या. हा मुलगा जन्मापासून तिथेच राहतो. त्याला फक्त वही उघडायची होती. पण ना शिक्षकाला तसे सुचले, ना त्याला. त्याच्या मनात तर त्या जागेची लाज आहे, आणि ही लाज ज्यांनी वाटून घ्यायला हवी होती त्यांच्यापैकी कुणालाच ती नाही.

देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. सत्तरच्या दशकात पालिकेनेच शहरातल्या झोपड्या हलवून त्याच्या शेजारी माणसे वसवली. बैंगनवाडी, शिवाजीनगर अशीच उभी राहिली. जानेवारी २०१६ च्या आगीचा धूर मुंबईने अनेक दिवस गिळला आणि तेव्हा कुठे बाकीच्या शहराला देवनार आठवले. त्याच भागात रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प उभारला गेला. रहिवाशांच्या संस्थेने हायकोर्टात धाव घेतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूरकडे हलवायला सांगितले. म्हणजे एका बाजूला वस्तीतली साधी माणसे कागद गोळा करून कोर्टात लढतात, आणि दुसऱ्या बाजूला त्याच वस्तीतला पदवीचा विद्यार्थी बिबट्याचा फोटो चिकटवतो. (खालापूरच्या लोकांनी काय करायचे, हा प्रश्न वेगळा आहे आणि तोही याच विषयाचा आहे.)

आता याच वॉर्डातली दुसरी इमारत पाहा. एम-पूर्व विभाग, मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात सर्वांत तळाला, निर्देशांक ०.०५. आणि याच विभागात देवनारला टाटा समाज विज्ञान संस्था, म्हणजे टिस. तिथे पर्यावरण, हवामान बदल आणि शाश्वतता या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, देशातल्या नावाजलेल्यांपैकी एक. टिसने २०११ मध्ये आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने 'एम वॉर्ड प्रकल्प' हाती घेतला, घरोघर सर्वेक्षण केले, त्याचा उपयोगही झाला. ते नाकारायचे कारण नाही. पण सर्वेक्षण करणारे एका बाजूला आणि ज्यांचे सर्वेक्षण होते ते दुसऱ्या बाजूला, ही रचना तशीच राहिली. शिवाजीनगरचा मुलगा त्या वर्गात बसायचा तर त्याला आधी सीयूईटी-पीजी ही परीक्षा काढावी लागते. उर्दू माध्यमातून दहावी, मग कसेबसे इंग्रजीतून बी.कॉम., आणि त्या तीन वर्षांत पर्यावरणाशी झालेली एकमेव भेट म्हणजे ते नकललेले जर्नल. कोर्स रिक्षाच्या भाड्याइतका जवळ आहे आणि तरी लांब पडतो.

पर्यावरण म्हटले की आमच्याकडच्या लेखांत वुजूच्या पाण्याची काटकसर येतेच. ती यावी, पण आज विषय वर्गातल्या पाण्याचा आहे, म्हणजे तिथे जे पातळ करून वाढले जाते त्याचा.

पातळ का झाले? पहिले कारण शिक्षक. बहुतेक महाविद्यालयांत ईव्हीएससाठी वेगळा माणूस कधी नेमलाच गेला नाही. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा विषय. वनस्पतिशास्त्र, भूगोल, कधी वाणिज्यवाले सर. आता तर तासिका तत्त्वावरचे सीएचबी प्राध्यापक. चार कॉलेजांत धावणारा हा माणूस शंभर-दीडशे पोरे घेऊन कामवारी नदीवर कधी जाणार? दुसरे कारण म्हणजे या विषयाचे मार्क अनेक ठिकाणी श्रेणीत धरलेच जात नाहीत, नुसते पास झाले की झाले. मुलांनी त्याची किंमत बरोबर ओळखली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने २०२३ मध्ये पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट दिली. चार क्रेडिट, नऊ घटक. पूर्वी एखाद्या मुद्द्यात उरकलेला हवामान बदल आता स्वतंत्र घटक आहे. प्रदूषण आणि आरोग्य एकत्र ठेवले आहेत, कायदे वेगळे काढले आहेत आणि नववा घटक पुन्हा उदाहरणे आणि फील्डवर्कचा. विद्यापीठे आपापल्या परीने त्याची मोडतोड करतात, कुठे क्रेडिट कमी, कुठे घटक कमी. तरी कागद पूर्वीपेक्षा चांगला आहे. शिक्षकाच्या नेमणुकीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे. त्यामुळे नवव्या घटकाचे काय होणार, ते आठव्या घटकाकडे पाहून सांगता येते.

फील्डवर्कवर आम्ही इतके का अडून बसलो, असे कुणी विचारेल. अहमदाबादचे उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये तिथे भयंकर उष्णतेची लाट आली. नंतर संशोधकांनी पालिकेच्या मृत्यूनोंदी तपासल्या, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसे जास्त दगावल्याचे निघाले. डॉक्टरच्या दाखल्यावर तर कुणी 'उष्णता' लिहिले नव्हते. कुणी हृदयाने गेले, कुणी तापाने. हिशोब मांडला म्हणून दिसले, आणि दिसले म्हणून २०१३ मध्ये पालिकेने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. इशारे, पाण्याची सोय, रुग्णालयांत तयारी, हे सगळे त्या मोजणीतून आले.

आता मालेगाव-भिवंडीतला लूमचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. पत्र्याचे छत, सुताला तडे जाऊ नयेत म्हणून हवेत ओल राखलेली, त्यामुळे घाम वाळत नाही, आणि बारा तासांची पाळी. कोरड्या ४२ अंशांपेक्षा ही दमट उष्णता शरीराला जास्त घातक असते, हे त्या नव्या अभ्यासक्रमाच्या हवामान घटकात शिकवता येते. साइझिंगच्या बॉयलरमध्ये लाकडासोबत प्लास्टिक आणि चिंध्या जाळल्याच्या तक्रारी या दोन्ही शहरांत जुन्या आहेत. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र पाच-सातशे रुपयांत मिळते. तीस मुलांनी आपापल्या गल्लीत एप्रिल-मेचे साठ दिवस सकाळ-दुपार-रात्र आकडे लिहिले, कारखान्यातले आणि घरातले, तर त्या शहराच्या हाती असा कागद येईल जो आज कुणा आमदाराकडेही नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांचे बाप-चुलते त्याच कारखान्यांत आहेत, मालक ओळखीचे आहेत. बाहेरून आलेल्या संशोधकाला आत शिरायला सहा महिने लागतील, आपल्या मुलाला चहा मिळेल.

मालक रागावतील का? काही रागावतील. हा पैसा आणि रोजगार आपल्याच लोकांचा आहे, म्हणून हा मुद्दा आम्ही गुळगुळीत करणार नाही. प्लास्टिक जाळणारी भट्टी आपल्याच माणसाची असेल, तरी धूर खाणारी फुफ्फुसेही आपलीच आहेत.

आता त्या फोनवरच्या प्रश्नाकडे. नोकरी लागते का? लागते, पण जाहिरातीत सांगतात तशी नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. युरोपने पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालावर कार्बनचा आकार लावण्याची व्यवस्था आणली आहे, म्हणजे इथल्या कारखानदाराला आपल्या धुराचा हिशोब ठेवावा लागणार. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो, आणि तो मान्यताप्राप्त सल्लागारच करू शकतात. या सगळ्या ठिकाणी माणसे लागतात. पण लागतात ती रसायनशास्त्र, सांख्यिकी, जीआयएस, लेखापरीक्षण किंवा कायदा येणारी. नुसते 'सस्टेनेबिलिटी' नाव असलेली पदवी आणि हातात दुसरे काहीच नाही, त्याची अवस्था एके काळच्या बीएमएससारखी होईल अशी आम्हाला भीती वाटते. म्हणून पालकांना आमचा सल्ला साधा असतो : पदवी बी.एस्सी., बी.कॉम., सिव्हिल, जे परवडते आणि जमते त्यातच करा, सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात करा, आणि पर्यावरण पदव्युत्तरला घ्या. पहिल्या वर्षीच सहा-सात लाखांचे कर्ज काढू नका.

पुढच्या शिक्षणाचा रस्ता मात्र अरुंद होतो आहे, हेही सांगितले पाहिजे. उच्च शिक्षणाच्या केंद्रीय सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये मुस्लिम विद्यार्थी २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये ते १९.२१ लाखांवर आले, एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्के. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के. पुढच्या वर्षी संख्या पुन्हा २१ लाखांच्या पुढे गेली, म्हणजे खड्डा बुजला, चढ नाही. आणि पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. इतर योजनांशी ती एकमेकांवर पडते, असे कारण संसदेत दिले गेले. देवनारवर, कामवारीवर, मोसम नदीवर पुढची दहा वर्षे संशोधन कोण करणार हे अशा निर्णयांनी ठरते.

कायद्याचा घटक कॉलेजांनी निदान नीट शिकवावा. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली होते. हे माहीत असलेली वस्तीत चार मुले असली तरी सुनावणीच्या मंडपात फरक पडतो. २०२४ मध्ये तर रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क मानला. हा निकाल माळढोकाच्या प्रकरणात आला होता, पण उद्या तो पत्र्याखाली काम करणाऱ्या माणसासाठी वापरायचा तर कुणाच्या तरी वहीत आकडे असावे लागतील.

शिवाजीनगरच्या त्या मुलाचा परवा फोन आला. त्याच्या धाकट्या बहिणीचे यंदा दुसरे वर्ष, तिला ईव्हीएसचा प्रोजेक्ट आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे हवेचे आकडे माहितीच्या अधिकारात मागायचे तर अर्ज मराठीत चालतो का, असे विचारत होता. चालतो, म्हटले. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पत्ता नीट लिही. तो म्हणाला, "गोवंडीच लिहायचा ना सर?"