पाचशे मीटरच्या आतली घरं

गेल्या मे महिन्यात माझ्या नानीचा इंतकाल झाला. चौथा मजला, लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर जनाजा फिरेना, म्हणून चौघांनी तिला चादरीत धरून खाली आणलं. गुसलचं पाणी टँकरचं होतं.

आमची इमारत बारा वर्षांची आहे. अब्बांनी कुवेतच्या नोकरीतली पुंजी घालून फ्लॅट घेतला तेव्हा तीन गोष्टी पाहिल्या होत्या : मशीद जवळ, शेजार आपला, बिल्डर ओळखीचा. टाकी किती लिटरची, जिना किती रुंद, स्लॅबवर पडलेलं पाणी जाणार कुठे, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर इंजिनिअर. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. वर्गणी काढून गच्चीवर पत्र्याची शेड घातली. रत्नागिरीत फिरताना जरा वर बघा, ही शेड जागोजागी दिसते. आपल्या आजोबांची घरं कौलारू आणि उतरत्या छपराची होती. ती काही हौसेपोटी नव्हती.

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आहे. एकच नियम असण्याचे फायदे आहेतच. पण आमच्या भाषेत ती ‘डिफॉल्ट सेटिंग’ आहे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या लातूरला आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीला सेटिंग एकच.

त्यातही एक मेख आहे. पावसाचं पाणी साठवण्या-जिरवण्याची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना. रेराची नोंदणीही ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला लागत नाही. आता आपल्या मोहल्ल्यांतले भूखंड आठवा. वडिलोपार्जित, वाटण्या झालेले, चिंचोळे. म्हणजे ज्या घरांत आपल्यातले बरेच जण राहतात, ती दोन्ही चाळणींतून खाली पडतात.

हिशेब करून पाहू. २०० चौरस मीटर छतावर तीन मीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर पाणी. सगळं साठवणं अशक्य. पण पन्नास हजार लिटरची टाकी भरली, तर आठ घरांना रोज शंभर लिटरप्रमाणे दोन महिने पुरते, एप्रिल-मे निघतो. इथे शोषखड्ड्यावर भिस्त ठेवून चालत नाही. जांभ्यात पाणी झटकन मुरतं आणि उतारावरून तितक्याच झटकन समुद्राकडे निघून जातं. इथे टाकीच हवी, आणि ती पाया खणतानाच बांधलेली स्वस्त पडते.

म्हणून रत्नागिरीपुरते मोजके निकष असावेत. लहान भूखंडालाही साठवण टाकी. छपराचा उतार मूळ नकाशातच, नंतरचं ठिगळ नको. जिन्याच्या प्रत्येक वळणावर स्ट्रेचर फिरेल एवढी जागा. जनाजाही त्यातच आला.

नियम वाढले की चिरीमिरी वाढते, असं एका बिल्डरने मला ऐकवलं. खोटं नाही. म्हणूनच निकष थोडे हवेत आणि टेप लावून मोजता येतील असे हवेत. ‘योग्य ती व्यवस्था’ असली भाषा आली की खाबूगिरीला दार उघडतं. घर महाग होईल हा दुसरा आक्षेप. होईल थोडं. पण शेडची वर्गणी आणि दर उन्हाळ्याचे टँकर हीसुद्धा घराचीच किंमत आहे, फक्त ती सही झाल्यावर कळते.

दुसऱ्यांच्या सोसायटीत आपल्याला घर नाकारलं जातं यावर आपण बोलतो, बोललंच पाहिजे. आपल्याच माणसाने बांधलेल्या गळक्या घराबद्दल मात्र भिडेपोटी गप्प बसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नगरपरिषद अशा फेरबदलाचा प्रस्ताव करू शकते. त्याची जाहीर नोटीस निघते, हरकती-सूचनांसाठी महिनाभर मुदत असते आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देतं. सुरुवात सभागृहातल्या ठरावाने होते. तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला लेखी पत्र द्या, पोच घ्या. आमच्या इमारतीचं पत्र तयार आहे. अब्बांनी सही करताना विचारलं, “याने आपला जिना रुंद होणार का?” नाही, म्हटलं. शेजारच्या प्लॉटवर पुढच्या महिन्यात खणायला सुरुवात होतेय, त्यांचा होईल.