हुकमी खेळाडू गेल्यावर

एखाद्या संघातला सर्वांत चांगला खेळाडू संघ सोडून गेला, तर त्या संघाने काय करावे? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ‘त्याच्यासारखाच दुसरा शोधावा.’ हे उत्तर ऐकायला बरोबर वाटते. पण माझ्या मते ते बरोबर नाही. असे का, हे समजण्यासाठी अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाची हकीकत ऐका.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. म्हणून आधी त्याची थोडी ओळख करून घेऊ. या खेळात प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू असतात. क्रिकेटप्रमाणे यातही एक जण चेंडू फेकतो आणि दुसरा तो बॅटने मारतो. मैदानावर चौकोनाचे चार कोपरे आखलेले असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात. फलंदाज एका कोपऱ्यावर उभा राहतो. तेथून धावत निघून, बाकीच्या तिन्ही बेसना क्रमाने स्पर्श करून तो मूळ जागी परत आला, की एक धाव मिळते. तीन गडी बाद झाले, की डाव संपतो. असे प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. आणखी एक नियम लक्षात ठेवा. समोरच्याने चार चेंडू ठरलेल्या हद्दीबाहेर टाकले आणि फलंदाजाने त्यांच्यामागे बॅट फिरवली नाही, तर त्याला चेंडू न मारताच पहिल्या बेसवर जाता येते.

आता हकीकत ऐका. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ‘अॅथलेटिक्स’ नावाचा संघ होता. २००१ साली या संघाने १०२ सामने जिंकले. जेसन जायंबी हा त्यांचा हुकमी फलंदाज होता. हंगाम संपल्यावर न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ या श्रीमंत संघाने त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊ केले आणि तो तिकडे गेला. जॉनी डेमन आणि जेसन इस्रिंगहाउसन हे आणखी दोन मोहरेही दुसऱ्या संघांकडे गेले. ओकलंडचा सगळ्या खेळाडूंवरचा वर्षाचा खर्चच सुमारे ४ कोटी डॉलर होता! त्यांनी दुसरा जायंबी कोठून आणावा?

संघाचे व्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे साहाय्यक पॉल डीपोडेस्टा यांनी दुसरा जायंबी शोधलाच नाही. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला : ‘जायंबी आपल्यासाठी नेमके काय करत होता?’ मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. माणूस गेला, की आपण त्याचे नाव घेत बसतो. त्याचे काम मोजत नाही.

त्यांनी काम मोजले. एका डावात तीनच गडी बाद होऊ द्यायचे असतात. मग जो फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचतो, तो खरा उपयोगी. मग त्याने चेंडू दूर मारला काय, किंवा वाईट चेंडू सोडून देऊन पहिला बेस मिळवला काय! २००१ मध्ये जायंबी शंभरातून सुमारे ४८ वेळा बेसवर पोहोचला होता. डेमन ३२ वेळा पोहोचला होता. फक्त फलंदाजीसाठी उतरणारा ओल्मेडो साएन्झ २९ वेळा पोहोचला होता. या तिघांची बेरीज १०९ आणि सरासरी ३६ च्या थोडी वर. म्हणजे ४८ वेळा पोहोचणारा एक खेळाडू नाही मिळाला तरी चालेल. ३६-३७ वेळा पोहोचणारे तीन मिळाले, तरी तूट भरून निघेल. मराठीतला ‘हिशेब’ आणि उर्दूतला ‘हिसाब’ हा एकच शब्द आहे. ओकलंडने केला तो साधा हिशेबच होता. तो सातवीतल्या मुलालाही येईल. पण तो करावा, असे सुचायला हवे.

असे खेळाडू स्वस्तात मिळाले, कारण इतरांना त्यांची कदर नव्हती. स्कॉट हॅटेबर्ग हा त्यांपैकी एक. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाप्रमाणे तो फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलत असे. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला पूर्वीसारखा चेंडू फेकता येईना. अनेकांच्या लेखी तो संपला होता. ओकलंडने मात्र पाहिले, की हा माणूस सहजासहजी बाद होत नाही. त्यांनी त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे जायंबीच्याच जागी, उभे केले. ही जागा त्याला नवीन होती. रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकाने त्याच्याकडून रोज मेहनत करून घेतली. छत्तिशीतला डेव्हिड जस्टिस हाही असाच उतरणीला लागलेला खेळाडू. या दोघांनीही २००२ मध्ये शंभरातून ३७ हून अधिक वेळा बेस गाठला.

आणि त्या वर्षी ओकलंडने किती सामने जिंकले असतील? १०३! जायंबी असतानाच्या वर्षापेक्षा एक जास्त. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर त्यांनी लागोपाठ २० सामने जिंकले. विसाव्या सामन्यात ते ११-० असे पुढे होते. पाहता पाहता ११-११ अशी बरोबरी झाली. तेव्हा शेवटच्या डावात हॅटेबर्ग फलंदाजीला आला आणि त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावून सामना जिंकून दिला. तिकडे यांकीजनेही त्या वर्षी १०३ सामनेच जिंकले; पण त्यांचा खर्च ओकलंडच्या तिप्पट होता.

येथे कोणी म्हणेल, “ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण ओकलंडकडे मिगेल तेहादासारखा फलंदाज आणि टिम हडसन, मार्क मल्डर, बॅरी झिटो हे तीन उत्तम गोलंदाज होतेच की!” हा आक्षेप खरा आहे. नुसत्या हिशेबाने संघ जिंकला नाही. पण हे चौघे आले कोठून? त्यांना कोवळ्या वयात निवडून ओकलंडनेच तयार केले होते. म्हणून मी म्हणतो, की हुकमी खेळाडू गेल्यानंतरची तयारी तो जाण्यापूर्वीच सुरू करावी लागते. विहीर तहान लागण्याआधी खणायची असते.

दुसरा आक्षेपही ऐकला पाहिजे. त्या वर्षी बाद फेरीत ओकलंड पहिल्याच पायरीवर मिनेसोटाच्या संघाकडून ३-२ असे हरले. करंडक काही मिळाला नाही. पुढे श्रीमंत संघही हाच हिशेब करू लागले आणि ओकलंडची आघाडी कमी झाली. काही वर्षांत तेहादा, हडसन, मल्डर आणि झिटोही गेले. २०२४ च्या हंगामानंतर तर संघानेच ओकलंड शहर सोडले. तेव्हा हुशारीने गरिबी झाकता येते, संपवता येत नाही, हे विसरू नका. ‘थोड्या पैशांत भागते’ असे म्हणून मालकांनी सदैव हात आखडता घ्यावा, असा या गोष्टीचा अर्थ कोणी काढू नये.

ओकलंडचे उदाहरण एकटेच नाही. सिॲटलच्या ‘मरीनर्स’ संघाने रँडी जॉन्सन १९९८ मध्ये, केन ग्रिफी २००० च्या आरंभी आणि ॲलेक्स रॉड्रिग्ज २००० च्या अखेरीस गमावला. तिघेही फार मोठे खेळाडू. संघ बुडणार, असे कोणालाही वाटले असते. पण २००१ मध्ये याच संघाने ११६ सामने जिंकले आणि १९०६ सालच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्या वर्षी जपानहून आलेला इचिरो सुझुकी त्यांच्याकडून खेळला. तो रॉड्रिग्जसारखा चेंडू वारंवार मैदानाबाहेर मारत नव्हता. चपळाईने बेस गाठणे हे त्याचे कसब होते. म्हणजे गेलेल्याची नक्कल न शोधताही उणीव भरून निघते.

गेलेल्या खेळाडूविषयीही एक शब्द. अशा वेळी त्याला ‘पैशाचा लोभी’ म्हणून नावे ठेवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी असतात. आपल्या मेहनतीचे चांगले मोल घेण्याचा त्याला हक्क आहे. त्याला निरोप द्यावा आणि कामाला लागावे.

मित्रांनो, शाळेच्या संघांवर हा प्रसंग दरवर्षी येतो. दहावीची मुले-मुली परीक्षा देऊन जातात. त्यांच्याबरोबर कबड्डीतला उत्तम चढाई करणारा जातो, बैतबाजीत हुकमी शेर म्हणणारी जाते. मग मागे राहिलेले म्हणतात, “आता आपले काही खरे नाही.” असे म्हणू नका. बैतबाजीच्या संघाने कागद घ्यावा. गेलेल्या मुलीला कोणकोणत्या अक्षरांचे शेर पाठ होते, ते लिहावे. ती अक्षरे तिघांत वाटून घ्यावी. एकाने पाचशे शेर पाठ करणे अवघड आहे; तिघांनी दीड-पावणेदोनशे शेर पाठ करणे तितके अवघड नाही.

हे करताना वर्गाच्या मागच्या बाकांकडेही पाहा. तेथे एखादा हॅटेबर्ग बसलेला असेल. तो देखणे खेळत नसेल, फार बोलत नसेल. पण सहजी बाद होत नसेल. त्याला कोणी विचारले नाही, म्हणून तो पुढे आला नाही. कदाचित तो तुम्हीच असाल. हुकमी खेळाडू जातो, तेव्हा संघाचे नुकसान होते, हे खरेच. पण त्याची रिकामी जागा कोणाला तरी प्रथमच संधी देते. ती संधी कोणाला द्यायची, हे ठरवताना नाव पाहू नका, रूप पाहू नका, काम मोजा.