आमच्या घरचे गुण

आमच्या घरात आजमितीस एकूण २,२८० गुण आहेत. वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, हे परीक्षेतले गुण नव्हेत आणि स्वभावातले तर नव्हेतच. माझ्या स्वभावातल्या गुणांची मोजदाद सौ.कडे असते, आणि लग्नाला एकवीस वर्षं होऊनही तो आकडा एका हाताच्या बोटांपलीकडे गेलेला नाही. हे गुण किराणा दुकानाचे. दुकानात त्यांना ‘पॉइंट’ म्हणतात. शंभर रुपयांचा माल घेतला की एक पॉइंट, आणि एका पॉइंटाचे पन्नास पैसे. आमच्या शेजारचे निवृत्त मराठीचे सर मात्र त्यांना गुणच म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पिशव्या घेऊन परतताना दिसलो की फाटकातून विचारतात, “काय, उधळले का गुण?”

खामगावात आम्ही पूर्वी ज्या दुकानातून किराणा भरायचो, तिथे शेठजी स्वतः गल्ल्यावर बसायचे. यादी टाकून आलं की संध्याकाळी पोऱ्या सामान घरी आणून द्यायचा. यादीत जे असेल ते यायचं, नसेल ते यायचं नाही. हिशेब चुकता केला की शेठजी आमच्या कन्येच्या हातावर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवायचे. त्यांची बक्षीस योजना एवढीच, आणि ती मुदत संपायच्या आत, म्हणजे घरी पोचेपर्यंत, वसूल व्हायची.

मग २०१५ साली गावात गार हवेचं, ढकलगाडीचं नवं दुकान आलं. कन्या तेव्हा दुसरीत होती. पहिल्याच दिवशी तिथल्या पोराने आमच्या हातात एक कार्ड आणि एक पत्रक ठेवलं. पत्रकावर काळा झगा आणि चौकोनी टोपी घातलेलं एक गोंडस पोर होतं. “काका, पॉइंट जमवत राहा,” पोरगा म्हणाला, “ताईच्या कॉलेजला कामी येतील.” सौ.ने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कन्येचं इंजिनिअरिंग, वसतिगृह आणि पदवीदान समारंभ असं सगळं होतं. मी कार्डावर सही केली. ज्या माणसाने कॉमर्सच्या तीन वर्षांत चक्रवाढ व्याज घोकलं आणि नंतरची वीस वर्षं लोकांना मुदत ठेवीची पावती फाडून दिली, त्याने ही सही केली, हे ध्यानात ठेवावं.

घरात ठराव झाला की या पॉइंटांना कुणी हात लावायचा नाही, ते ताईच्या कॉलेजचे. त्या दिवसापासून आमच्या खरेदीला एक उदात्त हेतू प्राप्त झाला, आणि हेतू उदात्त झाला की माणूस हिशेब सोडतो. बिल सतराशे चाळीस झालं की पोरगा म्हणायचा, “काका, दोन हजार करा, डबल पॉइंट आहेत.” मग मी पळत जाऊन दोनशे साठ रुपयांचं काहीतरी उचलून आणायचो. आमच्याकडे ओट्स कुणीही खात नाही. ते शिक्षणासाठी आणले गेले. फिनेलच्या तीन बाटल्यांवर एक फुकट, तीही शिक्षणासाठीच. एका मार्च महिन्यात आमच्या घरात मोरीपेक्षा फिनेल जास्त झालं होतं. सौ. म्हणाली, “अहो, कॉलेज होईपर्यंत पुरेल.” फिनेल पुरलंही असतं. प्रश्न फीचा होता.

यंदा कन्या बारावी झाली. निकालाच्या रात्री मी प्रथमच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शंभरास पन्नास पैसे म्हणजे अर्धा टक्का. आमचा किराणा महिन्याला सरासरी आठ हजार, वर्षाला शहाण्णव हजार. दहा वर्षांत आम्ही त्या दुकानाला नऊ लाख साठ हजार रुपये दिले आणि त्यांनी आम्हाला चार हजार आठशे रुपयांचे पॉइंट दिले. त्यातलेही निम्म्याहून जास्त दर ३१ मार्चला मुदत संपून वारले. उरले २,२८०, म्हणजे रोख अकराशे चाळीस रुपये. रोख म्हणायचं एवढंच. मिळणार त्याचाही किराणाच.

कारकुनाचा हात, तो थांबेना. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला फी, वसतिगृह, खानावळ धरून पाच लाख म्हटले, तर अर्ध्या टक्क्याने पाच लाख जमायला दहा कोटींचा किराणा भरावा लागेल. आमच्या आठ हजारांच्या वेगाने त्याला एक हजार एक्केचाळीस वर्षं आणि आठ महिने लागतात. म्हणजे कन्येचा यंदाचा प्रवेश साधायचा, तर ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून आम्ही त्या दुकानात तूरडाळ घ्यायला हवी होती. आणि मधल्या काळातले ३१ मार्च किती, ते वेगळेच.

कुणी म्हणेल, हे किराणा दुकानाचं झालं. क्रेडिट कार्डाचे पॉइंट बघा. बघितले. कित्येक कार्डांवर शंभर रुपयांना दोन पॉइंट आणि पॉइंटाचे पंचवीस पैसे मिळतात. अर्धा टक्का पुन्हा जागच्या जागी! मात्र एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरायचं राहिलं, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के व्याज. देणारा अर्ध्या टक्क्याने देतो आणि घेणारा बेचाळीस टक्क्यांनी घेतो. पूर्वी सावकारदेखील असा व्यवहार सांगताना जरा आवाज खाली आणत असे.

मला वाटलं, हा भोळेपणा वऱ्हाडातलाच असावा. पण सौ.चा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने फोनवर माझी समजूत काढली. तिकडे २००१ सालापासून ‘युप्रॉमिस’ नावाची योजनाच आहे म्हणे. ठरलेल्या दुकानांतून, हॉटेलांतून खरेदी करायची आणि त्यातला थोडासा भाग मुलांच्या कॉलेजच्या खात्यात. मी उत्सुकतेने माहिती काढली. योजना खरी. पण तिने संगणकावर बसवायला दिलेल्या एका पट्टीतून लोक काय पाहतात, काय टाइप करतात, हे सगळंच गोळा होत असल्याचा ठपका तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१२ साली ते प्रकरण मिटवलं. मिटवताना घातलेल्या अटी पाळल्या नाहीत म्हणून २०१७ साली पाच लाख डॉलरचा दंड झाला. म्हणजे तिकडेही पोराच्या कॉलेजात बाप काही पैसे टाकत होता, आणि बाप काय करतो याचा हिशेब भलताच कुणी ठेवत होता. आमच्या दुकानालाही मी कार्डाच्या अर्जावर जन्मतारीख, लग्नाची तारीख आणि मुलांची वयं लिहून दिली आहेत. माझ्या वाढदिवसाला सख्खा भाऊ विसरतो. दुकान विसरत नाही.

यावर एक बिनतोड प्रश्न येतो. “अहो, फुकट मिळतात तर घ्यायला काय जातं?” घ्या की! शेंगदाण्याच्या गाडीवर चार दाणे जास्त मिळाले तर मीही घेतो. पण त्या चार दाण्यांना मी निवृत्तिवेतन म्हणत नाही. माझं भांडण पॉइंटाशी नाही, त्याला बचत म्हणण्याशी आहे. बचत म्हणजे जो खर्च केला नाही तो. खर्च करून बचत होत असती, तर आमच्या शाखेत ठेवीदारांऐवजी दुकानदारांनी लोकांना रांगेत उभं केलं असतं.

आणि खरा तोटा अर्ध्या टक्क्याचा नाहीच. आमच्या लहानपणी शाळेत ‘संचयिका’ असायची. खाऊचा रुपया तिथे भरला की त्या दिवशी खाऊ नसायचा. जीभ कुरकुरायची, आणि त्या कुरकुरीवरून कळायचं की आपण काहीतरी साठवलं. पॉइंटाने ही कुरकुरच काढून घेतली. पोटही भरतं, पिशवीही भरते आणि वर बाप म्हणून कर्तव्य केल्याचं समाधान. ते दुकान आम्हाला ओट्स विकत नव्हतं, हे समाधान विकत होतं. ते घरात भरपूर असल्यामुळे दहा वर्षांत मला एकदाही दचकून जाग आली नाही.

जाग आली ती गेल्या महिन्यात, माझ्याच काउंटरवर.

एक भाजीवाल्या मावशी आमच्या शाखेत गेली दहा वर्षं येतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, पदराच्या गाठीतून नोटा काढून. कधी पाचशे, कधी तीनशे, पावसाने भाजी सडली तर शंभर. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने ‘सुकन्या समृद्धी’ योजना काढली, दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी. तेव्हा व्याज ९.१ टक्के होतं. आमच्या शाखेत ती योजना आली तेव्हा तिचा फलक स्टुलावर चढून मीच लावला होता. मावशींनी तो पाहून विचारलं, “हे काय व्हय साहेब?” मी समजावून सांगितलं, फॉर्मही भरून दिला, आणि संध्याकाळी फिनेल आणायला गेलो.

मावशी परवा आल्या त्या मुलीचं प्रवेशपत्र घेऊन. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी त्या खात्यातली निम्मी रक्कम काढता येते. “माह्या पोरीचा नंबर लागला साहेब, नर्शिंगले, अकोल्याले,” त्या म्हणाल्या, “अर्धे पैसे काढा लागते.” मी कागद तपासले, व्हाउचर केलं. अंगठ्याऐवजी त्यांनी सही केली. ती त्यांना मुलीनेच शिकवली होती. नोटा मोजून पदरात बांधताना त्यांनी सहज विचारलं, “तुमची पोरगीबी यंदाच बारावी झाली ना? तुमी त बँकेतच रायता. तुमचं त लय साचलं असन.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना ते खरंच वाटत होतं. मी “हो, आहे थोडंफार,” म्हणालो आणि विनाकारण शिक्का शाईत दाबत बसलो. दोन हजार दोनशे ऐंशी हा आकडा त्या काउंटरवर सांगण्यासारखा नव्हता.

त्या रात्री शेवटचा हिशेब केला. ‘डबल पॉइंट’च्या नादाने आम्ही महिन्याला निदान तीनशे रुपयांचं नको ते सामान आणलं. दहा वर्षांचे छत्तीस हजार झाले. तेच तीनशे दरमहा सुकन्येच्या खात्यात टाकले असते, तर आज पन्नास हजारांच्या वर असते. पाच लाख नव्हेत, कबूल. पण पहिल्या वर्षीच्या वसतिगृहाच्या आणि खानावळीच्या वेळी बापाला खाली बघावं लागलं नसतं.

सरकारने २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे; कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. ओव्हरटाइम आणि महागाई भत्ता धरून माझं उत्पन्न आठ लाखांच्या थोडंसं वर जातं. मध्यमवर्ग म्हणतात तो हाच, प्रत्येक मर्यादेच्या थोडासा वर. तेव्हा कन्येसाठी शिक्षण कर्ज काढतो आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. हे वाक्य मी काउंटरच्या अलीकडून शेकडो पालकांना सांगितलं आहे. पलीकडून ऐकताना ते बरंच लांब वाटतं.

निघण्याआधी कन्या म्हणाली, “बाबा, माझे पॉइंट तरी काढून घेऊ.” आम्ही दुकानात गेलो. अकराशे चाळीस रुपयांत चिवडा, साबण, खोबरेल तेल आणि बिस्किटांचे पुडे आले. त्या खरेदीवर पॉइंट मिळत नाहीत, असं कळलं. पैसे चुकते होताच पोराने नवं पत्रक पुढे केलं. टोपीवालं गोंडस पोर तेच होतं. दहा वर्षांत ते काही मोठं झालेलं नव्हतं. “काका, धाकट्याच्या नावाने कार्ड काढू? पाचवीत असेल ना?” दुकान खरंच काही विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी पगार झाला. मी काउंटरच्या पलीकडे जाऊन माझ्याच सहकाऱ्यासमोर रांगेत उभा राहिलो आणि धाकट्याच्या नावाने दरमहा हजार रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडलं. पुढे मावशी होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि जागा करून दिली. घरी आल्यावर मी पासबुक सौ.समोर ठेवलं. तिने चष्मा लावून पहिली नोंद वाचली.

“यावर पॉइंट किती मिळाले?” तिने विचारलं.

“एकही नाही.”

“मग खरंच जमा झाले असतील,” ती म्हणाली आणि पासबुक देवाजवळच्या डब्यात ठेवून आली. तो डबा फिनेलवर फुकट मिळालेला होता.