विश्लेषण : फॉल्ट लाइन लांब आहे, म्हणून घर सुरक्षित? ‘ब्लाइंड थ्रस्ट’ काय सांगतो?

भूकंपाची बातमी आली की मोबाइलवर दोन गोष्टी हमखास फिरतात. एक म्हणजे लाल रेघांचा नकाशा आणि दुसरी म्हणजे ‘आपलं शहर फॉल्ट लाइनवर आहे का?’ हा प्रश्न. शहर रेघेपासून लांब दिसलं की लोक निश्चिंत होतात. ही निश्चिंती किती पोकळ असू शकते, हे भूशास्त्रातल्या ‘ब्लाइंड थ्रस्ट फॉल्ट’ या संज्ञेवरून कळतं.

नेमकं काय असतं?

फॉल्ट म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या असतात. शाळेच्या भूगोलात यालाच विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. जमीन दोन्हीकडून दाबली गेली की एक बाजू तिरक्या भेगेवरून दुसरीच्या अंगावर चढते. या भेगेचा उतार कमी असेल तर तो थ्रस्ट. आणि वर येता येता ही भेग मध्येच संपली, जमिनीपर्यंत पोहोचलीच नाही, तर तो ब्लाइंड.

गोधडीखाली दोन पुस्तकं एकमेकांवर सरकवली तर गोधडी फाटत नाही, फक्त फुगते. इथेही तसंच होतं. वर फार तर लांबट टेकडी दिसते. नकाशावर रेघ काढायला काही उरत नाही.

‘ब्लाइंड’चं शब्दशः भाषांतर ‘आंधळा’ होईल, पण त्याने गोंधळच वाढेल. दिसत नाही ते आपल्याला, भेगेला नव्हे. ‘न उमटलेला फॉल्ट’ म्हटलं तर ते जास्त नेमकं ठरेल.

मात्र आधी माहीत नसलेला प्रत्येक फॉल्ट ब्लाइंड नसतो. जो एकेकाळी जमिनीपर्यंत आला होता आणि नंतर गाळाखाली किंवा लाव्हाखाली झाकला गेला, तो गाडला गेलेला फॉल्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला सरसकट ब्लाइंड म्हणणंही चुकीचं, कारण तिथे शेतांमध्ये जमीन उचलली गेल्याच्या खुणा उमटल्या होत्या. भूकंपाआधी तिथे धोक्याची रेघ नव्हती, हे मात्र खरं. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ मध्ये झोन १ रद्द झाला आणि किल्लारी परिसर झोन ३ मध्ये गेला.

कायदा रेघ बघतो

कॅलिफोर्नियात १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर पुढच्याच वर्षी अल्क्विस्ट-प्रायोलो कायदा आला. सक्रिय फॉल्ट जिथे जमिनीवर उमटलेला आहे, त्या रेघेवर माणसांच्या वस्तीची इमारत बांधायची नाही, असा त्याचा गाभा. कायदा चांगलाच आहे, पण तो बघतो फक्त रेघ. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. त्यामागचा ब्लाइंड थ्रस्ट तोवर कुणाला माहीतच नव्हता. फ्लायओव्हर कोसळले. नॉर्थरिज मेडोज या एकाच अपार्टमेंट संकुलात १६ जण गेले.

त्यानंतर शोध वाढला. तेल कंपन्यांनी जमिनीत ध्वनिलहरी सोडून जमवलेल्या माहितीतून १९९९ मध्ये थेट लॉस एंजेलिस शहराखालचा पुएंते हिल्स फॉल्ट समोर आला.

भुजला काय झालं?

कच्छमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडतात. १८१९ च्या भूकंपात रणामध्ये जमीन उचलली जाऊन लांबच लांब बांध तयार झाला. लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ हे नाव दिलं. २६ जानेवारी २००१ चा भूकंपही प्रचंड होता, मॅग्निट्यूड ७.६. पण शास्त्रज्ञ फॉल्ट शोधायला उतरले तेव्हा वर मुख्य भेग सापडलीच नाही. ज्या भेगा दिसत होत्या त्या बहुतांशी ओल्या, वाळूमिश्रित जमिनीने हादऱ्यात ताकद गमावल्यामुळे पडलेल्या होत्या.

कच्छ तेव्हाही सर्वाधिक धोक्याच्या झोन ५ मध्येच होता. इशारा रेघेतून नव्हे, इतिहासातून मिळालेला होता. झोन ३ मधलं अहमदाबाद तर भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरी तिथल्या बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. नॉर्थरिज मेडोजमध्येही चिरडला गेला तो पार्किंगचा भाग असलेला तळमजलाच.

त्यामुळे पुण्या-मुंबईत फ्लॅट घेताना ‘फॉल्ट लाइन किती लांब?’ हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. विचारायचं ते इमारतीबद्दल. डिझाइन कोणत्या झोनसाठी केलं? ‘आयएस १८९३’ या भूकंप संहितेप्रमाणे हिशेब झाला का? खांब-तुळयांच्या सळ्या ‘आयएस १३९२०’नुसार बांधल्या का? पार्किंगच्या मजल्याला भिंती नसतील, तर त्याची ताकद कशी भरून काढली? या प्रश्नांची उत्तरं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या कागदांत असतात आणि ते कागद बिल्डरकडे मागता येतात.