तयार हिरवा नको

आजऱ्याच्या घनसाळ भाताची खाचरे आषाढात पोपटी, भाद्रपदात गर्द हिरवी आणि कापणीच्या सुमारास सोनेरी दिसतात. रंगपेटीतला तयार हिरवा मात्र एकच असतो. म्हणून लहान मुलांना आरंभी लाल, पिवळा व निळा हे तीनच जलरंग द्यावेत. पिवळ्यात निळ्याचा एक थेंब मिसळला की पोपटी उमटतो. निळा वाढवावा, तसा हिरवा गडद होतो. किंचित लाल पडताच वाळत्या पातीची मळकट छटा येते. फिक्या रंगात गडद मिसळावा, म्हणजे रंग वाया जात नाही.

मुले कुंचला तोंडात घालतात आणि शिसे मेंदूच्या वाढीस घातक असते. म्हणून रंग शिसेविरहितच निवडावेत. पान निराळे रंगवले, तर सुधारू नये. ‘कोणते पान पाहिलेस?’ एवढेच विचारावे.