कोयता निघाला, तिसरा डोस राहिला

‘हिपॅटायटिस बी’ म्हणजेच ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस प्रौढांना तीन डोसांत दिली जाते. आज पहिला, महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वैद्यकीय भाषेत हे ‘शून्य-एक-सहा’ वेळापत्रक. कागदावर ते सोपे दिसते. पण धाराशिव जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचे वर्षही सहा-सहा महिन्यांत विभागलेले असते: निम्मे गावात, निम्मे उसाच्या फडात. लशीचे सहा महिने आणि कारखान्याचे सहा महिने एकमेकांवर आले, की तिसरा डोस राहतो.

जागतिक हिपॅटायटिस दिन २८ जुलैला असतो. या विषाणूचा शोध लावणारे आणि त्यासाठी १९७६ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ बारूख ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. भारताचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमही २०१८ मध्ये याच दिवशी सुरू झाला. त्यामुळे तपासणी, जनजागृती आणि लसीकरणाची शिबिरे जुलैच्या अखेरीस भरवणे सोयीचे वाटते. हिशेब मात्र करून पाहायला हवा. २८ जुलैला पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा ऑगस्टच्या अखेरीस येतो आणि तिसरा जानेवारीच्या अखेरीस. त्या वेळी भूम, परंडा, वाशी, कळंबकडचे कोयते सोलापूर, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या हद्दीत कोपी टाकून राहिलेले असतात. गावातील उपकेंद्राच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागते. चूक त्यांची नसते. तारीखच चुकीच्या ऋतूत पडलेली असते.

ही कावीळ वेगळी

कावीळ म्हटली की दूषित पाणी, उघड्यावरचे खाणे आणि ‘कावीळ उतरवणारा’ जाणकार आठवतो. पाण्यातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची असते. ती बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे उतरवणाऱ्याला यश मिळाल्यासारखे दिसते. ‘बी’चा मार्ग निराळा आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा खोकल्याने तो पसरत नाही. मात्र शरीराबाहेर सांडलेल्या, वाळलेल्या रक्तात तो किमान सात दिवस तग धरू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही संसर्गाला पुरतो.

त्याची दुसरी खोड म्हणजे शांत राहणे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये हा संसर्ग कायमचा ठाण मांडतो. प्रौढपणी लागण झालेल्यांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असते. पण ज्यांच्यात तो राहतो, त्यांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. कळते तेव्हा अनेकदा यकृत आकसलेले असते (सिरॉसिस) किंवा यकृताचा कर्करोग झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते आणि त्यांपैकी जवळपास २ कोटी ९८ लाख भारतात होते. त्या एका वर्षात जगभरात या आजाराने सुमारे ११ लाख बळी घेतले.

कोणाला लस मिळाली, कोणाला नाही

भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. आज बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांना ‘पेंटाव्हॅलंट’मधून उरलेले डोस मिळतात. म्हणजे शाळेत जाणारी पिढी बऱ्याच अंशी सुरक्षित आहे. प्रश्न तिच्या आईवडिलांचा आहे. ज्यांचे बालपण या कार्यक्रमाच्या आधी सरले, त्यांतील बहुतेकांना ही लस कधीच मिळाली नाही. मिळाली असेल तर ती नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या निमित्ताने.

लशीचा तुटवडा किंवा किंमत हे यामागचे कारण म्हणता येत नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये स्वदेशी लस बाजारात आणली आणि परदेशी लशीची मक्तेदारी मोडली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवते. लस राज्यातच तयार होते. खोळंबते ती माणसापर्यंत तीन वेळा पोहोचण्यात.

अमेरिकेने २०२२ पासून १९ ते ५९ वयोगटातील सर्वांसाठीच या लशीची शिफारस केली. भारतात प्रौढांसाठी भर आहे तो जोखमीच्या गटांवर. त्यात पहिले नाव आरोग्य कर्मचाऱ्यांचे. सुई टोचून रुग्णाचे रक्त शरीरात गेले आणि लस घेतलेली नसेल, तर ‘बी’ची लागण होण्याची शक्यता रुग्णाच्या स्थितीनुसार सहा ते ३० टक्के असते. एचआयव्हीसाठी हाच आकडा सुमारे ०.३ टक्के आहे. रुग्णालयात भीती मात्र एचआयव्हीची अधिक असते.

धाराशिवमध्ये आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांची काळजी तिथे घेतली जाईल, असे धरून चालता येते. खरी कसोटी आहे ती रात्री वॉर्ड झाडणाऱ्या, पिवळ्या-लाल पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराची. कचऱ्यात चुकून पडलेली सुई त्यालाच टोचते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताविरुद्ध लस देणे ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. हा नियम जिल्हा रुग्णालयाइतकाच उमरगा किंवा तुळजापुरातील दहा खाटांच्या खासगी दवाखान्याला आणि चौकातल्या पॅथॉलॉजी लॅबलाही लागू होतो. कंत्राटदार बदलला, की नवा माणूस येतो आणि त्याचा पहिला डोस पुन्हा शून्यापासून मोजावा लागतो. म्हणून लसीकरणाची नोंद हजेरीपटाइतकीच काटेकोर हवी.

बाकीच्या यादीत डायलिसिसवरचे रुग्ण, वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण, एचआयव्हीबाधित, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणारे आणि बाधित व्यक्तीचा जोडीदार व घरातील माणसे येतात. यातील शेवटचा गट सर्वांत जवळचा आणि सर्वांत दुर्लक्षित. गर्भवतीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर बाळाकडे लक्ष जाते. नवऱ्याची, सासूची, मोठ्या मुलांची तपासणी मात्र अनेकदा राहून जाते. घरातला वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे काढण्याचे यंत्र समाईक असेल, तर धोका घरातच असतो. तोच नियम जत्रेतल्या गोंदणाच्या सुईला आणि न्हाव्याच्या पात्याला लागू होतो. देवाच्या दारी मुलाचे जावळ काढताना नवे पाते उघडून घ्यावे, एवढी साधी खबरदारी पुरेशी आहे.

विज्ञान जेवढे लवचीक, तेवढी यंत्रणा नाही

ऊसतोडीला जाण्याने हा आजार होत नाही, हे स्पष्ट असायला हवे. पण जोखमीच्या गटातील माणूस ऊसतोड कामगारही असू शकतो. बाधित नवऱ्याची बायको टोळीसोबत जाते. फडावर ताप आला, की जवळच्या कोणाकडूनही सुई टोचून घेतली जाते; ती सुई नवी होती का, हे विचारण्याची सोय नसते. बाळंतपण कोपीत झाले, तर २४ तासांतला जन्माचा डोसही हुकतो.

अशा कुटुंबासाठी लशीच्या विज्ञानाने बरीच मोकळीक ठेवली आहे. पहिल्या आणि दुसऱ्या डोसात किमान चार आठवडे, दुसऱ्या आणि तिसऱ्यात किमान आठ आठवडे आणि पहिल्या व तिसऱ्यात किमान १६ आठवडे अंतर लागते. म्हणजे कारखान्याचा पट्टा पडून टोळी एप्रिलमध्ये गावी परतली, की पहिला डोस द्यावा, मेमध्ये दुसरा आणि ऑक्टोबरच्या मध्याला, उचल घेऊन गाडी भरण्याआधी, तिसरा. नेहमीचेच ‘शून्य-एक-सहा’ पूर्ण होते. अगदी जूनच्या मध्याला सुरुवात केली, तरी किमान अंतराच्या हिशेबाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिसरा डोस देता येतो. २८ जुलैला सुरुवात केली, तर मात्र ती तारीख १७ नोव्हेंबरच्या अलीकडे येत नाही. तोवर बहुतेक कोयते निघालेले असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डोस हुकला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जानेवारीचा डोस एप्रिलमध्ये घेतला तरी चालतो; आधीचे दोन वाया जात नाहीत. ‘तारीख गेली, आता उपयोग नाही’ हा समज लोकांत आहे तसा काही ठिकाणी कर्मचाऱ्यांतही आढळतो. पण उशीर चालतो म्हणून तिसरा डोस सोडून चालत नाही. चाळिशीच्या आतील निरोगी प्रौढांत पहिल्या डोसनंतर ३० ते ५५ टक्के, दुसऱ्यानंतर सुमारे ७५ टक्के आणि तिसऱ्यानंतर ९० टक्क्यांहून अधिक लोकांत पुरेसे संरक्षण तयार होते. वय, धूम्रपान, स्थूलपणा आणि मधुमेह यांमुळे हा प्रतिसाद घटतो.

डायलिसिसच्या रुग्णांचे गणित वेगळे आहे. त्यांना जास्त मात्रा आणि बहुधा चार डोस लागतात, शिवाय दरवर्षी प्रतिपिंडांची पातळी पाहावी लागते. आरोग्य कर्मचारी आणि बाधितांचे जोडीदार यांनी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी ही तपासणी करावी. पातळी १० किंवा अधिक असेल तर संरक्षण आहे. इतर निरोगी प्रौढांना ना ही तपासणी गरजेची, ना बूस्टर. लस दंडात घ्यावी. कमरेत दिल्यास परिणाम कमी होतो.

परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब

आखातात नोकरीसाठी निघालेल्यांची अडचण आणखी वेगळी. तिथल्या देशांच्या वैद्यकीय तपासणीत ‘एचबीएसएजी’ ही चाचणी असते आणि ती पॉझिटिव्ह आली, तर उमेदवार सहसा अपात्र ठरतो. अनेकांना आपल्या संसर्गाचा पत्ता तिथेच पहिल्यांदा लागतो. लस झालेला संसर्ग घालवत नाही. म्हणून जोखमीच्या प्रौढाने आधी चाचणी करून घेणे शहाणपणाचे. लस घेतल्यानंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत ही चाचणी काही वेळा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. मेडिकलच्या तोंडावर लस घेऊन नोकरी गमावण्यात अर्थ नाही.

महिन्याभरात निघायचे असेल, तर शून्य, सात आणि २१ व्या दिवशी तीन डोस आणि वर्षाने चौथा, असे जलद वेळापत्रक काही लशींसाठी उपलब्ध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि चौथा विसरू नये. हजला जाणाऱ्यांनी मुंडणासाठी स्वतःचे नवे पाते वापरावे. परदेशी नर्सिंग करणाऱ्यांना लशीचा आणि प्रतिपिंडांचा दाखला मागितला जातो. त्यांनी कागद जपून ठेवावेत.

नोंद कोणाकडे?

बालकांच्या आणि गर्भवतींच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’ पोर्टल आहे. एका गावातला डोस दुसऱ्या गावात दिसतो. कोविडच्या लसीकरणात प्रौढांसाठीही हेच घडले होते. पहिला डोस कळंबला आणि दुसरा कोल्हापूरला घेता येत होता. हिपॅटायटिस बीच्या प्रौढ लसीकरणात मात्र माणसाची आठवण आणि खिशातला चुरगळलेला कागद यांवरच भिस्त राहते. पोर्टल होईल तेव्हा होईल. तोवर तीन तारखा लिहिलेले एक जाड कार्ड आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ‘या माणसाचा तिसरा डोस तुमच्याकडे’ एवढे सांगणारी चिठ्ठी पुरेशी ठरू शकते.

पाठपुराव्यासाठी माणसेही आहेत. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, ते ‘आशा’ योजनेच्या कितीतरी आधी. कोण गावात आहे, कोण टोळीबरोबर गेले आणि कोण कधी परतणार, हे मुकादमानंतर सर्वांत नेमके ठाऊक असते ते गावातल्या आशाताईला. तिच्या वहीत एक रकाना वाढवला आणि त्यासाठीचा मोबदला दिला, तर यादीतील बरीच ‘गैरहजर’ नावे सापडतील.

जिल्ह्याने जुलैचा दिन जनजागृतीसाठी जरूर पाळावा. लसीकरणाचा आरंभ मात्र एप्रिलमध्ये, टोळ्या परतल्या की करावा. त्यासाठी नवी लस, नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. आरोग्य विभागाने आपले कॅलेंडर कारखान्यांच्या गाळप हंगामाशेजारी ठेवून एकदा वाचावे लागेल. ज्यांचे डोस या वर्षी अर्धे राहिले आहेत, त्यांनी गावी परतल्यावर थेट उपकेंद्रात जाऊन उरलेला डोस मागावा. पहिल्या दोन डोसांचे काम शरीरात टिकून असते.